डबिंगवाली डिस्क आणि आमचे सासरे

मला अ‍ॅनिमे (म्हणजे जपानी कार्टून सिरीज) लागतं ते इंग्रजीत डब केलेलंच, तेही डिस्कवर, आणि तेही असलं की जे फारसं कोणी बघितलेलं नाही. ह्या तीन अटी एकत्र केल्या की जगात जेवढी माणसं उरतात तेवढ्यांत एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप धड चालायचा नाही, कंपनी काय चालणार! तरी नव्या डिस्कची घोषणा आली की मी चित्र बघायच्या आधी खाली बारीक अक्षरात भाषा शोधतो. "जपानी, इंग्रजी सबटायटल" एवढंच दिसलं की झालं, दिवसभर घरात कोणी माझ्याशी बोलू नये.

मग मी गणित मांडत बसतो, कोणी विचारलेलं नसताना. जपानी मालकाला आधी मिनिमम गॅरंटी मोजायची, डिस्क खपोत न खपोत ते पैसे गेलेच. मग डबिंग, म्हणजे वाक्यं पात्रांच्या ओठांवर बसवणारा लेखक, डायरेक्टर, कलाकार, स्टुडिओचं तासाचं भाडं, मिक्सिंग. त्यात सिरीज जुनी असली तर संवाद सोडून नुसत्या म्युझिक आणि इफेक्टचा वेगळा ट्रॅकच सापडत नाही, म्हणजे दार आपटल्याचा आवाजसुद्धा नव्याने करा! आणि गंमत अशी की एक डिस्क विकली काय आणि लाख विकल्या काय, हा खर्च तेवढाच, आणि आमच्यासारख्यांच्या बाबतीत आकडा नेहमी त्या एकच्याच बाजूला झुकलेला असतो.

एकेकाळी अमेरिकेत तीन-चार भागांची एक डीव्हीडी तीसेक डॉलरला विकायचे आणि लोक घ्यायचेही. मग असल्या डिस्क काढणाऱ्या कंपन्या एकेक करून आटपल्या: जिनिऑनने २००७ मध्ये तिथला गाशा गुंडाळला, २००९ मध्ये एडीव्ही फिल्म्स गेली, २०१२ मध्ये बांदाई एंटरटेनमेंटने नवीन काढणं थांबवलं. त्यांनी केलेली डबिंग आता कुठे आहेत म्हणाल तर सिरीजचे हक्क एकाकडे, डबिंगचे दुसऱ्याकडे आणि टेप देव जाणे कुणाच्या गोडाऊनमध्ये. डिस्कोटेक नावाची डिस्क काढणारी एक कंपनी आहे, ते असलं काहीबाही उकरून काढतात, जुन्या सिरीजचे ढीगभर भाग एकाच ब्लू-रेवर कोंबतात, म्हणून मी अजून माणसात आहे.

बायको म्हणते, "अरे स्ट्रीमिंगवर बघ की." एप्रिल २०२४ मध्ये फनिमेशन ह्या स्ट्रीमिंगवाल्यांचं अ‍ॅप बंद झालं आणि लोकांच्या डिस्कसोबत आलेल्या डिजिटल कॉप्या पण गेल्या, तेव्हा मी तिला इतक्यांदा "बघ, म्हणालो होतो ना" ऐकवलं की ती माहेरी जायची भाषा करायला लागली.

खरं तर वर्गणी काढणं हाच एक रस्ता दिसतो. 'स्किप बीट' ह्या सिरीजचं २०१६ मध्ये तसंच झालं, चाहत्यांनी किकस्टार्टर ह्या वर्गणी गोळा करायच्या वेबसाइटवर पैसे घातले आणि २५ भागांचं इंग्रजी डबिंग उभं राहिलं. पण तिथेही आमची जमात अवघड. डबिंग नसलं की "असतं तर लगेच घेतलं असतं", आणि आलं की "सेल लागू दे, मग बघू."

मध्ये एका कंपनीने विचारणा केली, डबिंग काढलं तर घ्याल का. मी हो म्हणालो. बाजार जरा भरल्यासारखा दिसावा म्हणून बायकोच्या ईमेलवरूनही हो म्हणालो, मेव्हण्याच्या, मग सासऱ्यांच्या. आता सासऱ्यांना दर आठवड्याला रोबोट आणि निळ्या केसांच्या मुलींचे मेल येतात, आणि ते मन लावून वाचतात. काल त्यांचा फोन आला, "जावईबापू, ह्यांची प्री-ऑर्डर रविवारी बंद होतेय म्हणतात, मग माझी एक धरायची का?"