दहा रुपये दंड

आमच्या टीव्हीशेजारी श्रीखंडाचा अर्धा किलोचा रिकामा डबा ठेवलेला आहे. झाकणाला सुरीने चीर पाडलीये आणि वर मार्करने ठळक लिहिलंय : 'बाबा'. ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, चालू असताना मी मधे तोंड उघडलं की त्यात दहा रुपये टाकायचे, असा घरात कायदा आहे. कायदा केला माझ्या लेकीने, मुक्ताने. मंजुरी दिली तिच्या आईने. आणि अंमलबजावणी माझ्या आईकडे आहे. अपिलाची सोय नाही.

माझी बाजू कुणी विचारली नाही, म्हणून इथे मांडतो. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायच्या, या एका गुणावर गेली एकोणीस वर्षं आमचं घर चाललंय. आणि त्याच गुणापायी त्या घरात मला दंड होतो. सुताराला लग्नाच्या मांडवात बसवलं तर तो नवरानवरीकडे बघेल की स्टेजच्या डुगडुगत्या पायाकडे?

झालं असं की दहावीची परीक्षा संपल्यावर मुक्ताने बक्षीस म्हणून मोबाइल मागितला नाही. म्हणाली, "बाबा, तू माझ्याबरोबर एक तरी ॲनिमे पूर्ण बघ." मी हुरळलो. फुकटात सुटलो असं वाटलं. मग तिने 'स्वॉर्ड आर्ट ऑनलाइन' निवडली. "गेमवर आहे, सॉफ्टवेअरचं आहे, तुला खूप आवडेल." तेव्हापासून माझी रविवारची दुपारची झोप गेली ती गेलीच.

मालिका २०१२ सालची, पण गोष्ट सुरू होते ६ नोव्हेंबर २०२२ रोजी. डोक्यात 'नर्व्हगिअर' नावाचं हेल्मेट घालायचं, आडवं व्हायचं आणि थेट खेळाच्या आत जायचं. शंभर मजल्यांचा तरंगता किल्ला, दहा हजार खेळाडू, पहिला दिवस. संध्याकाळी एकाला जेवायला उठायचं असतं. मेनू उघडतो, तर लॉगआउटचं बटणच नाही.

मी सोफ्यावर ताठ बसलो. कारण पाच मिनिटांपूर्वीच कळलं होतं की या खेळाची बीटा टेस्ट, म्हणजे बाजारात येण्याआधीची चाचणी, एक हजार लोकांनी केलेली आहे. नायक किरितो त्यांच्यातलाच. तेव्हा बटण असणार, नाहीतर ही मंडळी घरी कशी पोचली? म्हणजे चालतं बटण शेवटच्या बिल्डमध्ये, म्हणजे आवृत्तीत, गायब. "रिग्रेशन!" मी ओरडलो. "शेवटचं बिल्ड कुणी तपासलं?" डब्याची बोहनी तिथे झाली.

पुढे आकाशात लाल झग्यातली एक अवाढव्य, बिनचेहऱ्याची आकृती येते. हा कायाबा, खेळाचा कर्ता. तो दहा हजार लोकांना शांतपणे सांगतो की लॉगआउटचं बटण नसणं हा दोष नाही, खेळाची मूळ योजनाच तशी आहे. आता हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलं असेल? बटण दाबल्यावर पैसे दोनदा कापले जातात म्हणून तक्रारीचं टिकिट टाकावं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर शेरा यावा : 'क्लोज्ड, ॲज डिझाइन्ड'. फरक इतकाच, की आमचा डेव्हलपर निदान झगा घालून येत नाही. मी हे सगळं बोललो. वाक्यागणिक दंड नको, विषयागणिक घ्या, अशी विनंती केली. फेटाळली गेली.

नियम मात्र फर्मास होते, हे कबूल करायला हवं. खेळात मेलात की हेल्मेट मायक्रोवेव्हने मेंदू शिजवणार. बाहेरून कुणी ते ओढून काढलं तरी तेच. वीज दहा मिनिटं गेली तरी तेच. नेट तुटलं तर दोन तासांची सवलत. वीज दहा मिनिटं! आमच्याकडे दर गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली सकाळी दहाला जाते ती पाचला येते. हा खेळ पुण्यात निघाला असता तर गोष्ट पहिल्या आठवड्यातच आटोपली असती.

आई एव्हाना जपमाळ खाली ठेवून सरसावून बसली होती. तिला ज्येष्ठ नागरिक म्हणून दंड माफ आहे. ती म्हणाली, "दोन वर्षं पडून राहणार ही पोरं? मग अंघोळ कोण घालतंय? कूस बदलायला नको? पाठीला जखमा होतात." मुक्ता म्हणाली, "आजी, हॉस्पिटलमध्ये ठेवलंय सगळ्यांना." "दहा हजार खाटा?" आई म्हणाली. "आणि त्या खेळाचं लाइटबिल कोण भरतंय?" याचं उत्तर पुढे मिळतं, बरं का. मूळ कंपनी बुडते आणि दुसरी एक कंपनी सर्व्हर सांभाळायला घेते. पण पन्नास वर्षं घर चालवलेल्या बाईला जे पहिल्या भागात सुचलं, ते नायकाला अख्ख्या दोन वर्षांत सुचत नाही.

त्याच भागात आरशाचा प्रसंग आहे. कायाबा प्रत्येकाच्या हाती एक आरसा देतो आणि सगळ्यांची सोंगं गळून खरे चेहरे दिसायला लागतात. चेहरा ठीक आहे, हेल्मेट डोक्यावरच आहे. पण उंची? बांधा? मी दहाची नोट हातात घेऊन तोंड उघडणार, तेवढ्यात पडद्यावरच खुलासा झाला : हेल्मेट पहिल्यांदा लावताना मापासाठी अंगावर ठिकठिकाणी हात लावायला सांगितलं होतं. मी नोट खिशात परत ठेवली. मुक्ताने माझ्याकडे नुसतं बघितलं. असा लेखक असेल तर माझी काही तक्रार नाही, असं तेव्हा वाटलं होतं.

मग गोष्ट उड्या मारायला लागली. पहिला मजला सर करायला महिना लागतो. चौथ्या भागात पोचेपर्यंत वर्ष उलटून गेलेलं असतं आणि मंडळी पस्तिसाव्या मजल्यावर फिरत असतात. मधले मजले कुठे गेले? रिमोटवर आई बसली की काय, म्हणून मी तिला उठवून पाहिलं. पुढे कळलं ते असं, की रेकी कावाहारा यांनी ही गोष्ट मुळात एका कादंबरी स्पर्धेसाठी लिहिली होती. पानांची मर्यादा ओलांडली, म्हणून स्पर्धेला न पाठवता ती इंटरनेटवर टाकली. पुस्तकरूपाने आली २००९ साली. आणि गंमत म्हणजे २०१२ पासून तेच लेखक पहिल्या मजल्यापासून पुन्हा, एकेक मजला चढत, वेगळी पुस्तकमालिका लिहीत आहेत. हे वाचल्यावर माझा अर्धा राग गेला. आधी मुदतीत काम उरकायचं आणि मग वर्षानुवर्षं त्यातली भोकं बुजवत बसायचं, हे माझ्या ओळखीचं आहे.

आणि तिसरा भाग. त्याबद्दल मी घरात बोललेलो नाही.

साची नावाची एक घाबरट मुलगी असते. किरितो आपली खरी ताकद लपवून तिच्या लहानशा गटात सामील होतो, आणि त्या लपवालपवीतूनच गट मरतो. सहा महिन्यांनी, नाताळच्या रात्री, त्याला कळतं की एका राक्षसाकडे मेलेल्याला उठवणारी वस्तू आहे. तो बर्फात एकटा जातो, मरता मरता जिंकतो आणि ती वस्तू उघडून तिच्यावरची माहिती वाचतो. मेल्यापासून दहा सेकंदांच्या आत वापरली तरच चालेल. दहा सेकंद! म्हणजे खेळातलं मरण आणि हेल्मेटने मेंदू शिजवणं, यांच्या मधली फट. इतकी काटेकोर अट मी आमच्या कुठल्याही रिक्वायरमेंटमध्ये पाहिलेली नाही. नंतर साचीने मरण्याआधी ठेवलेला निरोप वाजतो आणि ती शेवटी नाताळचं गाणं गुणगुणते. मी चष्मा पुसला. मुक्ताने विचारलं, "बाबा, बोलला नाहीस?" म्हटलं, "काही नाही, एसी फार थंड आहे." आमच्याकडे एसी नाही.

हेच तर माझं दुखणं आहे. नियम नायकाच्या आड आला की हा लेखक काय लिहितो! आणि नियम नायकासाठी वाकवला, की शाळेच्या गॅदरिंगमधलं नाटक.

आता दोन तलवारींचं बघा. किरितोकडे एकदम दोन तलवारी चालवायचं कसब निघतं, तेही मरणाच्या दारात, चौऱ्याहत्तराव्या मजल्यावर. इतर कुणाकडे ते नाही. का? तर दहा हजारांत ज्याची हालचाल सगळ्यांत चपळ, त्यालाच खेळ ते देतो. वा! म्हणजे खेळानेच नायक निवडला आणि बाकीचे नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव पंगत वाढायला. एकाच गिऱ्हाइकाला फुकट सुविधा देणारं सॉफ्टवेअर मी पाहिलंय; ते गिऱ्हाईक बहुधा साहेबांचा मेहुणा असतो.

पंचाहत्तराव्या मजल्यावर डबा भरला. किरितोला संशय येतो की सर्वांत बलाढ्य संघाचा पुढारी हीथक्लिफ हाच कायाबा. हे मात्र छान जमलंय : या माणसाची जीवनपट्टी, म्हणजे खेळातला जीव किती उरलाय ते दाखवणारी पट्टी, कधी अर्ध्याखाली गेलेली कुणी पाहिलेली नाही. मी खूश. असेच बग सापडतात, कुणीतरी आकडे बघत बसतो म्हणून. कायाबा उघडा पडतो, सगळ्यांना लुळं करून टाकतो आणि किरितोला म्हणतो, जिंकलास तर सगळे सुटतील. इथून पुढे सगळा आनंद. लुळी पडलेली असुना, किरितोची खेळातली बायको, उठून मधे झेपावते. कशी? उठली. मग किरितोची पट्टी शून्य होते. तो विरघळायला लागतो, पारदर्शक होतो, आणि त्या अवस्थेत तलवार खुपसून जिंकतो.

"शून्य झालं होतं!" मी उभाच राहिलो. "शून्यानंतर काही चालता कामा नये!"

"बाबा, त्याची इच्छाशक्ती होती."

"इच्छाशक्ती डेटाबेसच्या कुठल्या टेबलात साठवतात?"

"प्रेम होतं."

"त्याची कुठली फील्ड?"

आई डबा वाजवत म्हणाली, "अरे, सावित्रीने यमाच्या हातून नवरा सोडवला, तेव्हा नाही विचारलंस!" मी म्हटलं, सावित्रीने वाक्यात पळवाट काढली होती, नियमाच्या आत राहून काढली होती, यमाला शब्द पाळायला लावला होता. ती असती उत्तम टेस्टर. या व्याख्यानाचे तीस रुपये झाले, पण मी ते आनंदाने भरले.

शेवटी कोसळता किल्ला बघत किरितो कायाबाला विचारतो, हे सगळं का केलंस? आणि चार हजारांच्या आसपास माणसं मारलेला तो माणूस म्हणतो, का ते मीही विसरून गेलोय. इथे मी एक अक्षर बोललो नाही. इतकं खरं संभाषण मी अनेक मीटिंगांमध्ये ऐकलंय.

पुढचा परीराज्याचा भाग थोडक्यात. नवा खेळ, पंख असलेली माणसं, असुना पिंजऱ्यात कोंडलेली. वेगळ्याच कंपनीच्या या खेळात किरितोने दोन वर्षांत कमावलेली बरीचशी कसबं तशीच उतरतात, कारण दोन्हींकडे माहिती साठवायची पद्धत एकच. आमच्या ऑफिसात एका फायलीतली तारीख दुसरीत नीट यावी म्हणून तीन माणसं दोन आठवडे बसतात. वीस रुपये.

मुक्ताने मला शांत करायला मधे दुसऱ्या मालिकाही दाखवल्या. 'लॉग होरायझन'मध्ये मेनूतून बनवलेलं सगळं जेवण बेचव लागतं, जोवर कुणीतरी स्वयंपाकाचं कसब घेऊन ते खरंच हाताने रांधत नाही. आई म्हणाली, यात नवीन काय सांगितलं? 'बोफुरी'त एक मुलगी सगळे गुण संरक्षणात ओतून अजिंक्य होते आणि खेळ चालवणारे बिचारे तिला आवर कसा घालायचा, यावर डोकं धरून बसतात. ते दृश्य मी दोनदा लावून पाहिलं. माझी माणसं आहेत ती.

आणि एक खरी गोष्ट सांगायची राहिली. ६ नोव्हेंबर २०२२ खरोखर उगवला, तेव्हा ऑक्युलस या व्हीआर हेडसेटवाल्या कंपनीचा संस्थापक पामर लकी याने जाहीर केलं की त्याने एक हेडसेट बनवलाय. खेळात हरलं की त्यातली स्फोटकं उडून घालणाऱ्याचा मेंदू नष्ट. तो स्वतः वापरून बघायची आपली अजून छाती झालेली नाही, हेही त्याने सांगितलं. ज्याने बनवलं त्यानेच तपासलं नाही. अख्ख्या प्रकरणात मला ही एकच गोष्ट शंभर टक्के पटली.

गेल्या रविवारी आम्ही 'स्वॉर्ड आर्ट'मधल्या बंदुकांच्या खेळापर्यंत पोचलो. स्पर्धेत नाव देताना तिथल्या यंत्रावर खेळाडू आपला घरचा पत्ता भरतात, आणि अदृश्य झगा पांघरलेला खुनी मागे उभा राहून तो वाचतो. मी ओठ घट्ट मिटून बसलो होतो. खिशात सुटे नव्हते.

"पण असं कसं?" मुक्ता म्हणाली. "चारचौघांत पत्ता कशाला टाइप करायला लावायचा? नंतर मेल करून विचारता येतो की!"

खोलीत शांतता पसरली. मी वळलो आणि समजुतीच्या स्वरात म्हणालो, "अगं, ते ऐच्छिक असतं. बक्षीस घरपोच हवं असेल तरच भरायचं. त्यात चूक काही नाही, योजनाच तशी आहे..."

आईने झाकणाची चीर आमच्याकडे फिरवली.

"दोघांचे मिळून वीस."