माद्रिद-लिस्बन वीस मिनिटांत? उगाच पृथ्वीला कामाला लावू नका

“माद्रिदहून दहाला निघालेलं विमान लिस्बनला दहा वीसला उतरतं, परत येताना मात्र दहाला निघून बारा वीस वाजतात! कारण पृथ्वी फिरते आणि लिस्बन विमानाकडे सरकत येतं. शाळेत हे शिकवत नाहीत!” शिवाय दोन शहरांत 625 किलोमीटरचं अंतर आहे आणि तीन तासांत नेणारी बुलेट ट्रेनही आहे, असंही त्यात म्हटलंय. हा मजकूर फिरत फिरत आमच्या मावशीकडे पोचला. मावशी पुढच्या महिन्यात पोर्तुगालच्या लिस्बनला लेकीकडे निघालीय, स्पेनच्या माद्रिदला विमान बदलून. म्हणून हा खटाटोप.

तिकिटावरच्या वेळा त्या त्या विमानतळाच्या घड्याळाच्या असतात. लिस्बनचं घड्याळ माद्रिदच्या एक तास मागे. प्रवास दोन्हीकडून साधारण एक तास वीस मिनिटांचाच. जाताना तास पदरात पडतो, येताना कापला जातो. विषय संपला.

पण पृथ्वी मध्ये आणलीच आहे, तर हिशेब करूच. त्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे 1,280 किलोमीटर वेगाने पूर्वेला जाते. माद्रिद-लिस्बन सरळ अंतर 500 किलोमीटरच्या थोडं वर. म्हणजे माद्रिदवर हेलिकॉप्टर नुसतं तरंगत ठेवलं की पंचवीसेक मिनिटांत खाली लिस्बन! आणि परतीचं काय? विमान ताशी 800-850 ने धावणार, माद्रिद 1,280 ने पुढे पळणार. ते विमान जन्मात पोचणार नाही. मग ते दोन तास वीस मिनिटं आणले कुठून? अहो, हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. धावत्या एसटीत उडणारी माशी मागच्या काचेवर जाऊन आपटते का?

दिशेने थोडा फरक पडतो, हे मान्य. पण तो वाऱ्यामुळे. तिथे वरचे वारे बहुधा पश्चिमेकडून येतात, त्यामुळे लिस्बनला जातानाच चार-पाच मिनिटं जास्त लागू शकतात. म्हणजे मजकुराच्या नेमकं उलट.

हा तासाचा फरक तरी निसर्गाचा आहे का? सूर्याप्रमाणे या दोन शहरांत जेमतेम 22 मिनिटांचं अंतर. माद्रिद ग्रिनिचच्या पश्चिमेला, तरी 1940 मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको याच्या सरकारने घड्याळं तासभर पुढे केली, ती स्पेनने पुन्हा मागे घेतलीच नाहीत. पोर्तुगालनेही 1992 मध्ये तोच प्रयोग केला आणि 1996 मध्ये सोडून दिला.

मावशीचा घोटाळा परतीत होणार. बारा वीसला माद्रिदला उतरेल तेव्हा तिच्या मनगटावर अकरा वीसच वाजलेले असतील. ‘तास आधीच पोचलो की’ म्हणून ती निवांत कॉफी घेत बसली, तर पुढचं दोनचं विमान गेलंच समजा.

बाकी किरकोळ. मजकुरातलं 625 किलोमीटर हे रस्त्याचं अंतर आहे, विमानाचं नव्हे. आणि ‘तीन तासांत नेणारी बुलेट ट्रेन’ अजून सुरू झालेली नाही. लुसितानिया ही रात्रीची गाडी 2020 मध्ये बंद पडली, तेव्हापासून या दोन राजधान्यांमध्ये थेट रेल्वेच नाही.