‘सुई बदलायचे ४०० रुपये’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री दुकान बंद करताना वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, "एम्ब्रॉयडरी मशीन घेतल्यापासून दोरा तुटतोय आणि खाली जाळं होतंय. दोन दिवस फोन उचलला नाही. शेवटी घरी आले, पाच मिनिटांत सुई बदलली आणि ४०० रुपये घेतले. पैठणीचा ब्लाऊज पीस वाया गेला. इथून मशीन घेऊ नका."

फोनबद्दल मनापासून माफी मागते. तुमचे सात मिस्ड कॉल होते. गौरी जेवणाचा दिवस होता, घरात पाहुणे होते आणि फोन दुकानाच्या पिशवीतच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी निदान एक मेसेज करायला हवा होता, तो मी विसर्जन झाल्यावर केला. चूक माझी आहे. तुमच्या नणंदेचा साखरपुडा तोंडावर आला होता, तुम्हाला काय वाटलं असेल ते मी समजू शकते.

पण ताई, "पाच मिनिटांत सुई बदलली" हे वाचून मला रात्री झोप लागली नाही. ते तसं झालेलं नाही. तुम्ही चारचौघांसमोर लिहिलंय, म्हणून मलाही इथेच सांगावं लागतंय.

मी शनिवारी सकाळी दुकानाला कुलूप लावून निघाले. कोल्हापूर ते कागल जाऊन-येऊन चाळीसएक किलोमीटर होतात. तुमच्या दारात पोचले तेव्हा ११ वाजून १० मिनिटं झाली होती आणि तिथून निघाले तेव्हा १२ वाजून ४० मिनिटं. म्हणजे दीड तास. त्यातला बराच वेळ तुम्ही आत स्वयंपाकात होता. सोप्यात माझ्याजवळ तुमच्या सासूबाई बसल्या होत्या, त्यांनी सगळं पाहिलंय. तुम्ही चहा घेऊन बाहेर आलात नेमकं तेव्हा माझ्या एका हातात स्क्रूड्रायव्हर होता आणि दुसऱ्या हातात सुई. तुम्ही तेवढंच पाहिलंत. त्याच्या आधी काय झालं ते सांगते.

आधी मी कापड धरून ठेवणारी फ्रेम काढली आणि सुईखालची प्लेट खोलली. आत राखाडी लगदा होता. वर्तमानपत्राचा. मशीन घेताना मी तुम्हाला कापडाखाली आधाराला लावायचा दोन मीटर नॉन-वोव्हन पेपर दिला होता. तो संपल्यावर तुम्ही कापडाखाली वर्तमानपत्र लावलंत. असं पुष्कळ जणी करतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण वर्तमानपत्र सुईने भोकं पडली की चुरा होतं. तो चुरा बॉबिनच्या, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाच्या, घरात उतरतो, त्यात दोऱ्याचा भुस्सा मिसळतो आणि गठ्ठा तयार होतो. शिवाय शाई रेशमाला लागते ती वेगळीच. चिमटा आणि ब्रश घेऊन मी तो चुरा वीस मिनिटं काढत होते. हुकच्या, म्हणजे खालून दोऱ्याचा फास पकडणाऱ्या फिरत्या भागाच्या, कडेला जरीच्या दोऱ्याचं नखाएवढं टोक अडकलं होतं. ते तुमच्या सासूबाईंच्या तळहातावर ठेवून दाखवलं. एवढंसं टोक पुढचा प्रत्येक टाका अडवत होतं.

मग वरचा दोरा. खाली जाळं झालं की सगळे बॉबिनला दोष देतात, आणि दोष बहुतेक वेळा वर असतो. प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, खाली असताना दोरा ओवला तर टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याला ताण देणाऱ्या, दोन चकत्या मिटलेल्या असतात. दोरा त्यांच्या मधे बसत नाही, नुसता वरून जातो. मग त्याला धरून ठेवणारं काहीच उरत नाही आणि हुक तो भसाभस खाली ओढतो. तुमचं तेच झालं होतं. फूट वर करून दोरा पुन्हा ओवला. मग फूट खाली केला आणि दोरा हाताने ओढून पाहिला. ओढताना हाताला अडल्यासारखं लागलं पाहिजे, लागलं. फूट वर केल्यावर तोच दोरा सैल सुटला पाहिजे, सुटला. घरच्या घरी करायची ही सगळ्यात सोपी परीक्षा आहे, तिला पैसे लागत नाहीत. डेमोच्या वेळी मी तीन वेळा करून दाखवते. तुमचा डेमो दोन बैठकांचा होता, पहिल्या बैठकीनंतर तुम्ही एसटी चुकेल म्हणून निघालात आणि दुसरीला आला नाहीत. हे दोष द्यायला सांगत नाही, पण रिव्ह्यूमध्ये ते आलेलं नाही.

बॉबिनमध्ये साधा शिलाईचा दोरा होता, तोही सैल भरलेला आणि उलटा बसवलेला. वरून बॉबिन टाकायच्या मशीनला दोरा घड्याळाच्या उलट दिशेने सुटला पाहिजे. माझ्या पिशवीतली बारीक पांढऱ्या बॉबिन दोऱ्याची एक भरलेली बॉबिन घातली आणि तुमच्या जुन्या पेटीकोटच्या तुकड्यावर जाड भरीव टाक्याची एक पट्टी काढली. पट्टी उलटी करून पाहायची असते. मधे साधारण एक तृतीयांश पांढरा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा रंग दिसला तर टेन्शन बरोबर. पहिल्या वेळी पांढरा दिसलाच नाही, म्हणजे वरचा दोरा अजून सैल. वरचं टेन्शन थोडं वाढवलं. तिसऱ्या पट्टीला जमलं. बॉबिन केसच्या स्क्रूला मी हातसुद्धा लावला नाही. तो उगाच फिरवायचा नसतो, आणि तुम्हीही फिरवू नका.

आणि शेवटी सुई. ती तुम्ही घरी बदलली होती. चपटी बाजू मागे होती ते बरोबर होतं, पण सुई पूर्ण वर न ढकलता स्क्रू आवळला होता, त्यामुळे ती दोनएक मिलिमीटर खाली राहिली. सुई खाली राहिली की हुकला दोऱ्याचा फास वेळेवर सापडत नाही. मग टाका सुटतो, दोरा तुटतो, आणि कधी सुई प्लेटला आपटते. तुमची आपटली होती. मी ती तुमच्या भिंतीवरच्या आरशावर आडवी धरली, तर टोकाकडे खालून उजेड दिसत होता. सरळ सुईखाली सगळीकडे सारखी फट दिसते. शिवाय ती ७५/११ नंबरची होती. साध्या रेयॉन किंवा पॉलिस्टर दोऱ्याला हा नंबर उत्तम. पण तुम्ही मोरासाठी जरीचा दोरा घेतला होता. जरीच्या दोऱ्यात आतल्या दोऱ्यावर चमकीची पट्टी गुंडाळलेली असते. लहान नेढ्यातून जाताना ती पट्टी सोलली जाते, पुढे गोळा होते आणि दोरा तुटतो. म्हणून मोठ्या नेढ्याची ९०/१४ घातली, मशीनचा वेग मिनिटाला ४०० टाक्यांवर आणला आणि रीळ मशीनवर न ठेवता मागे हातभर लांब स्टँडवर ठेवलं, म्हणजे मशीनपर्यंत येईस्तोवर दोऱ्याचा पीळ सुटतो. मग जरीसाठी वरचं टेन्शन परत थोडं उतरवलं.

तुमचं मोराचं डिझाइन १८ हजार टाक्यांचं आहे, या वेगाने पाऊण तास लागतो. मान आणि अर्धा पिसारा होईपर्यंत मी तिथे बसून होते. दोरा एकदाही तुटला नाही. हे तुम्ही स्वतः पाहिलंत आणि "वा, आता चाललं की" असं म्हणालातही. म्हणूनच रिव्ह्यू वाचून जास्त वाईट वाटलं.

आता ४०० रुपयांचं. ते येण्याजाण्याचे आणि कामाचे होते. सुईचा एकही रुपया घेतलेला नाही, उलट ९०/१४ च्या दोन जादा सुया आणि ती भरलेली बॉबिन तशीच ठेवून आले. फोनवर व्हिजिट ४०० सांगितली होती आणि तुम्ही हो म्हणाला होता. मशीनच्या वॉरंटीत सुई, दोरा आणि घरी येणं धरलेलं नसतं, हे वॉरंटी कार्डावर छापलेलं आहे. शनिवार हा माझा गिऱ्हाइकाचा दिवस. दुकान तीन तास बंद राहिलं, त्याचे पैसे मी कुणाकडे मागणार?

एक गोष्ट मात्र मान्य करते. पावतीवर मी घाईत "सुई बदली – ४००" एवढंच लिहिलं. ते वाचून कुणालाही सुईचेच ४०० वाटतील. तिथे "व्हिजिट, सफाई, सेटिंग" असं लिहायला हवं होतं. यापुढे पावतीवर सगळं वेगवेगळं लिहीन आणि सणाच्या दिवसांत फोनचीही काहीतरी सोय करते.

पैठणीच्या पिसाचं मलाही वाईट वाटलं. मोराच्या मानेशी गुंत्याने कापड ओढलं जाऊन बारीक छिद्र पडलं होतं, ते मी येण्याच्या आधीचं आहे. मागून फ्युजिंग, म्हणजे इस्त्रीने चिकटणारं अस्तर, लावून, वर सुती कापड ठेवून कोमट इस्त्री फिरवली आणि त्याच जागी पिसाऱ्याचं पान येईल असं डिझाइन सरकवून दिलं. तो पीस वाया गेलेला नाही, ब्लाऊजच्या पाठीवर ते छिद्र दिसणार नाही. कापड चुरगळलं त्याचं कारण वेगळं होतं. फ्रेमची रिंग आवळल्यावर तुम्ही रेशीम चारी बाजूंनी ओढून ताठ केलं होतं. फ्रेममधून काढल्यावर ते परत आपल्या जागी येतं आणि नक्षीभोवती चुण्या पडतात. आधी कापड आणि खालचा पेपर एकत्र सपाट लावायचे, मग रिंग आवळायची आणि त्यानंतर ओढायचं नाही. इतक्या दाट डिझाइनला ओढून फाडायचा पेपर पुरत नाही, कात्रीने कापून काढायचा घ्यावा लागतो. आणि महागाच्या कापडावर सुई टाकण्याआधी तसल्याच एखाद्या जुन्या रेशमी तुकड्यावर एकदा काढून बघायचं. हे मी त्या दिवशीही सांगितलं होतं.

आणखी एक, लिहू की नको असं झालं होतं. दार उघडल्यावर तुम्ही माझ्यामागे पाहत विचारलंत, "मेकॅनिक नाही आला?" ताई, मेकॅनिक मीच आहे. चौदा वर्षं मी ही मशीन विकते, शिकवते आणि स्वतःच्या हाताने खोलून दुरुस्त करते. तुमच्या मनात वाईट काही नव्हतं हे मला माहीत आहे, पण पाच मिनिटांचं वाक्य वाचल्यावर तो प्रश्न पुन्हा आठवला.

आज सकाळी इचलकरंजीहून मशीन बघायला आलेल्या एका वहिनींनी मोबाईलवर तुमचा रिव्ह्यू दाखवून विचारलं, "सुई बदलायचे ४०० घेता का?" मी त्यांना सगळं सांगितलं. त्या "बघते" म्हणून गेल्या. आमचं दुकान लहान आहे, इथे लिहिलेल्या एका ओळीने आमचा महिना बदलतो. रिव्ह्यू काढा असं मी म्हणणार नाही, तो तुमचा हक्क आहे. मी किती वेळ होते आणि पैसे कशाचे घेतले, तेवढं मात्र तुम्ही दुरुस्त केलंत तर माझ्यावर उपकार होतील.

डेमोची दुसरी बैठक अजून बाकी आहे, तिचे पैसे नाहीत. मंगळवार सोडून कधीही या. येताना जरीचं रीळ आणि ते डिझाइन असलेला पेनड्राइव्ह आणा. आणि तुमच्या मशीनसोबतचा छोटा सफाईचा ब्रश त्या दिवशी चुकून माझ्या पिशवीत आला आहे. तो पाकिटात घालून वर तुमचं नाव लिहून गल्ल्याजवळ ठेवला आहे. कागलहून कुणी कोल्हापूरला येणार असेल तर त्यांच्याकडे देते, नाहीतर कुरिअर करते.