कचऱ्यात पहिला नंबर

शाळेत मी कधी पहिल्या दहात नव्हतो, क्रिकेटमध्ये बारावा गडी, ऑफिसात "अरे हो, तेही आहेत की" असा. पण आमचं इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत देशात पहिलं येतंय (२०२३ ला सुरतेबरोबर वाटून घ्यावं लागलं, तो विषय इथे कोणी काढत नाही), म्हटलं बाकी काही नाही तर कचऱ्यात तरी नाव काढू.

सकाळी गाणं वाजवत गाडी येते. ओला, सुका, प्लास्टिक, ई-वेस्ट, सॅनिटरी, घातक, सगळं वेगवेगळं द्यायचं. गाडीवरचा हेल्पर म्हणजे गल्लीचा परीक्षक, आणि त्याच्या मते खालच्या काकूंसारखा कचरा अख्ख्या राजेंद्रनगरात कोणाचा नाही. "आंटीजी का तो देखने लायक रहता है भिया!" हे तो माझी बादली रिकामी करता करता मला सांगतो. माझ्या बादलीबद्दल चकार शब्द नाही.

मग मी पेटलो. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर, बायकोच्या ओढणीशेजारी वाळत घातल्या. पिशवीचा तो कापलेला इवलासा कोपरा सिंकमध्ये पळतो ना, तोही बोटानं काढायचो. रविवारी पोहे आणले तर तेल आणि जीरावन मसाला लागलेला कागद ओला की सुका यावर एवढा विचार केला की पोहे गार झाले. शेवटी ओल्यात टाकला. मुलगी म्हणाली, "बाबा, ओल्या कचऱ्याचा गॅस करून सिटी बस चालवतात, ५५० टनांचा प्लांट आहे, तुमच्या केळ्याच्या सालीवाचून बस अडणार नाहीये." घरच्यांना कदर नसतेच.

सोमवारी उठायला उशीर झाला, गाडी पुढे सरकायला लागलेली, जिन्याखालची हिरवी बादली उचलली आणि अनवाणीच धावलो. हेल्परनं झाकण काढलं, थबकला, आणि चार लोकांसमोर म्हणाला, "वाह अंकल, एक नंबर!" (अंकल मी सोडून दिलं.) तरंगतच वर आलो, फॅमिली ग्रुपवर टाकलं, मग बादली धुवायला उलटी केली तर बुडाशी लाल नेलपॉलिशनं लिहिलेलं, 'ग्राउंड फ्लोर'.

आम्ही वर राहतो.

खिडकीतून बघितलं तर खाली काकू, हातात माझी बादली, आणि हेल्परनं दोन बोटांत तो पोह्यांचा कागद धरलेला. "आंटीजी, गीले में कागज? तबीयत तो ठीक है?"

बादली अंधार पडल्यावर खाली ठेवून आलो, धुऊन. ग्रुपवर तोवर चौदा अंगठे आले होते, ते राहू दिले.