तादामी रेल्वेमार्गाचा हिशेब ४९ प्रवाशांवर संपत नाही

जपानमधला तादामी रेल्वेमार्ग फुकुशिमा प्रांतातल्या आइझु-वाकामात्सुहून निघतो आणि डोंगर ओलांडून नीगाता प्रांतातल्या कोइदेला पोहोचतो. १३५.२ किलोमीटरच्या या एकेरी मार्गावर डिझेलवर चालणाऱ्या गाड्या धावतात. धुक्यातल्या नदीवरून एखादी लहानशी गाडी पूल ओलांडत असल्याची छायाचित्रे आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असतील. त्यांतली बरीचशी याच मार्गावरची असतात. पण मला आज त्या देखाव्यापेक्षा एका आकड्याविषयी लिहायचे आहे.

जुलै २०११ च्या अतिवृष्टीत तादामी नदीवरचे रेल्वेपूल वाहून गेले आणि आइझु-कावागुची ते तादामी हा २७.६ किलोमीटरचा टप्पा बंद पडला. पुरापूर्वीच्या वर्षात या टप्प्यावरची प्रवासी-घनता, म्हणजे मार्गाच्या प्रत्येक किलोमीटरवरून रोज सरासरी जाणाऱ्या प्रवाशांची संख्या, ४९ इतकीच होती. तेवढ्यासाठी पूल पुन्हा बांधणे परवडणारे नाही, बस चालवावी, असे मार्ग चालवणाऱ्या जेआर ईस्ट कंपनीचे म्हणणे होते. निव्वळ आकडा पाहिला, तर ते चुकीचे म्हणता येणार नाही.

परंतु हाच टप्पा मुळात कशासाठी बांधला गेला, हे विसरून केलेला हिशेब मला मान्य नाही. १९२६ साली आइझु-वाकामात्सुहून सुरू झालेला लोहमार्ग पुढे पुढे सरकत १९५६ साली आइझु-कावागुचीला पोहोचला. तिथून पुढचे रूळ टाकले ते वीजनिर्मितीसाठी स्थापन झालेल्या कंपनीने, तागोकुरा धरणाचे बांधकाम-साहित्य वाहून नेण्यासाठी. धरण झाले, तागोकुराची वस्ती पाण्याखाली गेली आणि महायुद्धानंतर उभ्या राहणाऱ्या जपानला या खोऱ्यातून वीज मिळू लागली. १९६३ साली हा टप्पा राष्ट्रीय रेल्वेकडे आला आणि लोकांना त्यावरून प्रवास करता येऊ लागला. ज्या खोऱ्याने देशाला वीज दिली, त्याच्या रेल्वेमार्गाचे विद्युतीकरण आजतागायत झालेले नाही, ही गोष्ट मला फार लागते. त्यातच २०११ हे वर्ष फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेचेही होते आणि तिथली वीजसुद्धा तोक्यो परिसरासाठीच होती. इतके देणाऱ्या प्रदेशाला ‘तुमचे प्रवासी किती?’ एवढेच विचारणे न्यायाचे नव्हे.

बर्फाचा मुद्दा तर याहून साधा आहे. २९ ऑगस्ट १९७१ रोजी सहा किलोमीटरहून लांब रोकुजूरिगोए बोगद्यातून तादामी आणि नीगाताकडची बाजू जोडली गेली व मार्ग पूर्ण झाला. समांतर जाणारा २५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग या घाटात हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतो. १९८० च्या दशकात तोट्यातले कितीतरी ग्रामीण मार्ग मोडीत निघाले, तेव्हा हा वाचला तो याच कारणाने. पर्यायी रस्ताच नसताना बसचा पर्याय कसा पुरेल?

अखेर २०१७ साली तोडगा निघाला. बंद टप्प्यावरचे रूळ, पूल आणि स्थानके फुकुशिमा प्रांताने आपल्या मालकीची करावीत आणि गाड्या जेआर ईस्टने चालवाव्यात, असे ठरले. दुरुस्तीला सुमारे ९०० कोटी येन लागले. शिवाय देखभालीचा दरवर्षीचा सुमारे ३० कोटी येनचा भार प्रांत आणि आइझु भागातल्या १७ स्थानिक स्वराज्य संस्था मिळून उचलतात. १ ऑक्टोबर २०२२ रोजी, अकरा वर्षांनी, गाडी पुन्हा धावली. लोकसंख्या आटत चाललेल्या गावांनी स्वतःच्या तिजोरीतून हा भार पत्करला, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

तरीही माझी एक तक्रार उरतेच. या टप्प्यावर दिवसाला प्रत्येक दिशेने तीनच गाड्या सुटतात. छायाचित्रकार किंवा पर्यटक तेवढ्यात आपला दिवस बसवू शकतो, पण दवाखान्यात जाऊन त्याच दुपारी परतू पाहणाऱ्या आजीला एक गाडी चुकली की तासन्‌तास स्थानकावर बसावे लागते. प्रवासी कमी म्हणून गाड्या कमी, आणि गाड्या कमी म्हणून प्रवासी आणखी कमी, हे चक्र ४९ च्या आकड्याआधीपासून फिरते आहे. पुलांवर एवढा खर्च झालाच आहे, तर सकाळ-संध्याकाळ गावकऱ्यांच्या सोयीची निदान एकेक गाडी वाढवावी आणि ती काही वर्षे नेटाने चालवून मगच प्रवासी मोजावेत.