‘हँडिकॅप’मधली टोपी भिकाऱ्याची नाही

३ डिसेंबरचा जागतिक दिव्यांग दिन जवळ आला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. इंग्लंडचा राजा सातवा हेन्री याने युद्धात जायबंदी झालेल्या सैनिकांना हातात टोपी धरून भीक मागायची परवानगी दिली, त्यावरून ‘हँडिकॅप’ शब्द आला. म्हणजे हा शब्द वापरणं म्हणजे समोरच्याला भिकारी म्हणणं. लिहिणाऱ्याची कळकळ मला मान्य आहे, हकिकत मात्र मान्य नाही.

आधी राजा. सातव्या हेन्रीने राज्य केलं १४८५ ते १५०९. वृद्ध आणि दुर्बळ लोकांना भिकेचे परवाने देणारा कायदा झाला १५३१ मध्ये, त्याच्या मुलाच्या काळात. हा शब्द इंग्रजीत दिसू लागतो तो त्यानंतर शतकभराने.

आता टोपी. ती खरी आहे, पण ‘हातात टोपी’ नव्हे, ‘टोपीत हात’! मूळ रूप ‘हँड इन कॅप’. हा अदलाबदलीचा खेळ होता. दोघं आपापली वस्तू बदलायला काढायचे. किमतीतला फरक भरून काढायला कोणी वर किती पैसे द्यायचे, ते तिसरा माणूस पंच म्हणून ठरवायचा. थोडी रक्कम आधीच टोपीत पडलेली असे. मग दोघं टोपीत हात घालून एकदम बाहेर काढत आणि त्यावरून सौदा मान्य की अमान्य ते कळे. दोघांचं उत्तर एकच आलं, तर ती रक्कम पंचाची. लंडनमधला सरकारी अधिकारी सॅम्युएल पीप्स याच्या १६६०च्या रोजनिशीत हा खेळ आपल्याला नवीन असल्याची नोंद आहे.

अठराव्या शतकात हा पंच घोड्यांच्या शर्यतीत आला. सरस घोड्यावर जास्त वजन लादायचं, म्हणजे सामना बरोबरीचा होतो. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सवर हँडिकॅप शर्यती याच अर्थाने होतात. त्या वजनावरून ‘अडचण’ हा अर्थ आला, आणि शारीरिक व्यंगासाठी शब्द रुळला तो थेट विसाव्या शतकात.

मग शब्द टाळू नये का? जरूर टाळावा. लोकलमधल्या राखीव डब्याला आपण ‘हँडिकॅपचा डबा’ म्हणतो आणि बघता बघता त्यात चढणारा माणूसच ‘हँडिकॅप’ होतो. त्याचं नाव, काम, स्वभाव सगळं मागे पडतं. ज्यांना तसं ऐकून घ्यावं लागतं ते हेच सांगतात, आणि त्यासाठी त्यांना कुठल्या राजाची साक्ष लागत नाही.