पूल तोच, अर्ज नवा

अमेरिकेतल्या एखाद्या टाउनशिपच्या कौन्सिलवर तुम्ही निवडून आला असाल, तर आधी अभिनंदन. मराठी मंडळाच्या कार्यकारिणीत घालवलेली वर्षं वाया गेली नाहीत म्हणायची. शाळेचा हॉल, जेवणाचे डबे आणि नाटकाची तिकिटं ज्याने सांभाळली त्याला टाउनशिप काय अवघड, असं तुम्हाला वाटत असेल. वाटू द्या. पहिल्याच महिन्यात टाउनशिपचा इंजिनिअर तुम्हाला कोपऱ्यात घेईल आणि सांगेल की ओढ्यावरच्या पुलाचं काही खरं नाही. जड ट्रकना बंदी घातली आहे, शाळेची बस लांबून वळसा घेऊन जाते, आणि नवा पूल बांधायचा तर टाउनशिपच्या तिजोरीत तेवढे पैसे पुढची वीस वर्षं जमणार नाहीत. मग बैठकीत कोणीतरी घसा खाकरून म्हणेल, "फेडरल ग्रँटला, म्हणजे केंद्र सरकारच्या अनुदानाला, अर्ज करू या की."

इथून पुढे मी सांगतो तसं वागा.

पहिलं पथ्य म्हणजे अर्जात पुलाचं पुराण फार लावू नका. पूल खराब आहे याचं वॉशिंग्टनला काडीचं नवल नाही. ‘खराब’ असा शेरा मिळालेले पूल या देशात चाळीस हजारांच्या वर आहेत, त्यात तुमचा एक. तिथल्या साहेबांना पुलाची तब्येत ऐकायची नसते. या घडीला सत्तेवर असलेल्या सरकारचं स्वप्न तुमच्या ओढ्यावर कसं साकार होणार, ते त्यांना ऐकायचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की बाकी सगळं टायपिंग आहे.

इतिहास बघा. २००९ साली मंदीतून वर यायला ओबामा सरकारने ‘टायगर’ नावाची स्पर्धात्मक ग्रँट काढली. दीड अब्ज डॉलर होते, अर्ज आले चौदाशेच्या वर, आणि त्यांनी मागितले जवळजवळ साठ अब्ज. निवडले गेले ५१. त्या वर्षी तुमचा पूल रोजगार देणारा असायला हवा होता, आणि उद्या सकाळी कुदळ मारता येईल इतका तयारही. (कुदळ मारायला तयार म्हणून सांगितलेली कामं वाटली तितकी तयार नव्हती, असं खुद्द ओबामांनी २०११ मध्ये हसत हसत कबूल केलं. तोवर अर्ज लिहिणाऱ्यांची बिलं चुकती झाली होती.) २०१८ मध्ये ट्रम्प सरकारने त्याच ग्रँटचं नाव ‘बिल्ड’ ठेवलं, आणि पूल एकदम खेड्यातला झाला, शिवाय स्थानिकांनी स्वतःचा नवा पैसा उभा केला आहे का, हेही विचारलं जाऊ लागलं. २०२१ मध्ये बायडन आले, नाव ‘रेझ’ झालं, आणि पुलाला हवामानबदलाची आणि वांशिक न्यायाची काळजी वाटू लागली. वंचित वस्त्यांचे नकाशे आले. पूल त्या नकाशातल्या रंगवलेल्या चौकटीत पडतो की शेजारच्या, यावर कन्सल्टंटांनी रात्री जागवल्या. २०२५ मध्ये नाव परत ‘बिल्ड’.

त्याच २०२५ च्या २९ जानेवारीला, पदावर येऊन जेमतेम एक दिवस झालेला असताना, वाहतूकमंत्री शॉन डफी यांनी एक आदेश काढला. त्यात खात्याच्या योजनांसाठी ज्या अटी घातल्या, त्यातली एक अशी की जिथे लग्नांचं आणि जन्मांचं प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा जास्त आहे, अशा वस्त्यांना प्राधान्य द्यावं. अर्थात शक्य असेल, लागू असेल, उचित असेल आणि कायद्यात बसत असेल तिथे. सरकारी आदेशाला एवढी शेपटी असतेच.

आता इथे तुमचं मराठीपण कामाला येतं, आणि हे मी थट्टेने सांगत नाही. दरवर्षी तुमचं मंडळ वधू-वर मेळावा भरवतं ना? तो आजवर सांस्कृतिक कार्यक्रम होता. या आदेशानंतर तो वाहतुकीचा प्रकल्प आहे. मेळाव्याचा अहवाल परिशिष्टात लावा. किती नोंदणी, किती स्थळं जुळली, त्यातली किती जोडपी टाउनशिपमध्येच राहिली, असा तक्ता करा. डोहाळजेवणाचे आणि बारशाचे फोटो आले तर उत्तम, फक्त फाइल जड होऊ देऊ नका. आणि मुंजी मोजू नका, त्याला गुण नाहीत.

वाक्यंही तयारच ठेवा. "या पुलामुळे वंचित कुटुंबांना कमी कार्बन उत्सर्जनात रोजगारापर्यंत पोहोचता येईल" यातलं ‘वंचित’ काढलं, ‘कमी कार्बन उत्सर्जनात’ काढलं, ‘कुटुंबां’च्या मागे ‘तरुण, वाढती’ असं जोडलं, की चार वर्षं सुटली. काँक्रीटच्या नळ्या, पोलादाचं वजन, उंची, रुंदी यातलं काहीही बदलावं लागत नाही. मूळ फाइल मात्र जपून ठेवा. निवडणुका इथे वेळेवर होतात.

मग प्रश्न येईल, तुम्ही ग्रामीण की शहरी? उत्तर खिडकीबाहेर बघून देऊ नका. या ग्रँटच्या कायद्याप्रमाणे दोन लाखांहून जास्त वस्तीच्या शहरी पट्ट्याच्या बाहेर जे जे आहे ते सगळं ग्रामीण. त्यामुळे मॉल, मोठं हॉस्पिटल आणि विमानतळ असलेलं दीड लाख वस्तीचं स्वतंत्र शहर हे खेडं ठरतं. उलट न्यू जर्सीत तुमच्या परसात गाई चरत असल्या, तरी न्यूयॉर्कच्या पट्ट्यात आहात तोवर तुम्ही महानगरवासी. खेड्यांसाठी निम्मा निधी राखीव आहे आणि खर्चाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतच फेडरल पैसा, ही मर्यादाही त्यांना लागू नाही. महानगरवासी मंडळींनी वीस टक्के पदरचे घालायचे.

हे वीस टक्के म्हणजे ‘मॅच’. इथे एक चूक हमखास होते. काही भाबडी गावं आधीच पदरचे पैसे घालून डिझाइन करून ठेवतात, मातीची तपासणी करून ठेवतात, आणि मग हा खर्च आमच्या वाट्यात धरा म्हणतात. ग्रँट मिळण्याआधी केलेला खर्च धरत नाहीत. वेळेत केलेल्या शहाणपणाला गुण नाहीत. तुम्ही काही करू नका, पण करायला अगदी तयार आहोत असं दाखवा. या दोन्हींत जी बारीक फट आहे, तिच्यातूनच चालायचं.

आता हिशेब. फायदा आणि खर्च यांचं गुणोत्तर अर्जाला जोडावं लागतं, आणि माझं आवडतं प्रकरण हेच. फेडरल वाहतूक खात्याने माणसाचा जीव वाचवण्याची किंमत ठरवून दिलेली आहे. २०२३ सालच्या डॉलरांत ती १ कोटी ३२ लाख. जखमांचंही दरपत्रक आहे, किरकोळ ते गंभीर. तुमच्या पुलावर गेल्या काही वर्षांत कोणी दगावलं असेल तर तुमचा अर्ज भक्कम. कोणीच दगावलं नसेल, म्हणजे इंजिनिअरने वेळेवर ट्रकबंदी केली म्हणून सगळे सुखरूप राहिले असतील, तर कागदावर तुमच्या पुलाला काही धोकाच नाही. त्या इंजिनिअरला एकदा बोलावून समज द्या.

पूल टिकणार साठ-सत्तर वर्षं, पण फायदे भविष्यातले, म्हणून त्यांना आजच्या भावात आणताना कात्री लागते. या कात्रीचा दर खातं ठरवतं. तो बरीच वर्षं ७ टक्के होता, बायडन सरकारच्या शेवटी ३.१ झाला, आणि २०२५ मध्ये परत ७. तुम्हाला हा दर म्हणजे अकाउंटंटची किरकिर वाटेल. करून बघा: तीस वर्षांनी होणारा दहा लाख डॉलरांचा फायदा ३.१ टक्क्यांनी आज चार लाखांचा दिसतो आणि ७ टक्क्यांनी सव्वा लाखाच्या थोडा वर. ओढा तोच, पूर तोच, बसमधली मुलं तीच. पूल एका मार्गदर्शिकेत फायदेशीर असतो आणि पुढच्या मार्गदर्शिकेत उधळपट्टी. गुणोत्तर एकच्या खाली गेलं तर खचून जाऊ नका. वाहनचालकांचा वाचणारा वेळ अजून पुरेसा मोजलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. कन्सल्टंट मोजून देईल.

कन्सल्टंट परवडत नाही म्हणता? मग तुम्हाला कशाला हवी ग्रँट? ज्या शहराकडे ग्रँट लिहायला स्वतंत्र विभाग आहे, त्यालाच ग्रँट चांगली वापरता येईल, असा या व्यवस्थेचा साधा सरळ विश्वास आहे. तुमच्या टाउनशिपमध्ये कुत्र्यांचे परवाने, लग्नाचे दाखले आणि कौन्सिलची इतिवृत्तं सांभाळणाऱ्या क्लार्कबाईच हे काम करणार. त्यांना आधी सरकारच्या ‘सॅम’ नावाच्या पोर्टलवर टाउनशिपची नोंदणी करावी लागेल, ती दरवर्षी नव्याने करावी लागते, आणि ती संपलेली आहे हे नेहमी मुदतीच्या आठवड्यातच कळतं. ओळख क्रमांक म्हणून पूर्वी ‘डन्स’ नंबर लागायचा, एप्रिल २०२२ पासून ‘यूईआय’ लागतो. अर्ज दुसऱ्या पोर्टलवर, तीस पानांच्या आत, पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाने संध्याकाळी पाचपर्यंत. पाच वाजून एक मिनिटाने चाक फिरत राहिलं तर तो पूल आणखी एक वर्ष जुना होतो.

एमपीओ नावाच्या, शहरी पट्ट्याच्या वाहतुकीचं नियोजन करणाऱ्या मंडळाला विसरू नका. पन्नास हजारांवरच्या प्रत्येक शहरी पट्ट्याला ते असतंच. वीस वर्षांची योजना आणि चार वर्षांची कामांची यादी ते करतं, त्या यादीला ‘टिप’ म्हणतात, आणि टिपमध्ये नसलेल्या कामाला फेडरल पैसा लागत नाही. सगळ्या टाउनशिपांचे मेयर एका टेबलाशी बसतात आणि प्रत्येकाला आपलाच पूल आधी हवा असतो. तुम्हाला हे वातावरण नवीन नाही. गणपतीत आरतीचं ताट कोणाच्या हाती, यावर तुम्ही एकमत घडवून आणलेलं आहे. नेहमीच्या ठरलेल्या सूत्राने येणारा फेडरल पैसा याच वाटेने मिळतो, आणि त्याला एक सुंदर सोय आहे, टोल क्रेडिट. राज्यात कुठेतरी टोलनाक्यावर कधीतरी जमलेल्या पैशातून रस्त्यांवर झालेला खर्च कागदावर तुमचा ‘मॅच’ म्हणून दाखवता येतो. रोकड कोणीच देत नाही आणि वाटा सगळ्यांचा भरतो.

समजा, मिळाली ग्रँट. मग चेकचा समारंभ. दारापेक्षा मोठा पुठ्ठ्याचा चेक येईल आणि तो धरायला काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकन संसदेचे, प्रतिनिधी येतील. २०२१ चा पायाभूत सुविधांचा कायदा तिथल्या खालच्या सभागृहात, हाउसमध्ये, २२८ विरुद्ध २०६ मतांनी मंजूर झाला होता. फोटोत मधोमध उभी राहिलेली व्यक्ती त्या २०६ मधली असली तरी आठवण करून देऊ नका. चेक धरताना हात दुखतात, त्यांना धरू द्या. हो, आणि तो चेक नुसताच पुठ्ठा नाही, त्यामागे पैसेही नसतात. ही योजना परताव्याची आहे: आधी तुम्ही कंत्राटदाराला द्यायचे, मग बिल पाठवायचं, मग वाट बघायची. ज्या टाउनशिपकडे पैसे नाहीत म्हणून तिने अर्ज केला, तिने आधी पैसे घालायचे.

खात्याशी ग्रँटचा करार होईपर्यंत कुदळसुद्धा मारायची नाही. पर्यावरणाची छाननी, इतिहासखात्याची छाननी (पूल पडायला आलाय म्हणजे जुना आहे, जुना आहे म्हणजे कदाचित वारसा आहे), अमेरिकन पोलादाची अट, १९३१ च्या कायद्याने ठरणारी मजुरी. आपल्याकडे ‘सरकारी काम, सहा महिने थांब’ म्हणतात. इथले अधिकारी हे ऐकून हेवा करतील. डफी खात्यात आले तेव्हा जाहीर झालेल्या पण करार न झालेल्या ग्रँटांचा ढीग ३,२०० च्या वर असल्याचं खात्यानेच सांगितलं. त्या ढिगात पडून असताना सिमेंट महागतं, ग्रँटची रक्कम मात्र तिथेच असते. वरचा फरक टाउनशिपचा.

आणि पडून राहण्याचा दुसरा धोका लक्षात ठेवा. सप्टेंबर २०२५ मध्ये सॅन दिएगो काउंटीची आधी मंजूर झालेली ग्रँट परत घेतली गेली, कारण त्या रस्त्याच्या कामात सायकलसाठी लेन होती आणि ते मोटारींना प्रतिकूल ठरवलं गेलं. तेव्हा तुमच्या पुलाच्या नकाशात कडेला जी पाच फुटांची पट्टी आहे, तिला आत्ताच ‘सायकल मार्ग’ म्हणू नका. ‘आपत्कालीन कड’ म्हणा. सरकार बदललं की लेबल बदला.

हे सगळं नको असेल तर तुमच्या काँग्रेस प्रतिनिधीला गाठून अर्थसंकल्पात थेट पुलाचं नाव घालून घ्या. या वाटेवर २०११ पासून बंदी होती, २०२२ च्या अर्थसंकल्पापासून ती नव्या नावाने उघडली आहे. पण अलास्कातलं केचिकन आठवा. तिथून ग्रॅव्हिना बेटावर, जिथे विमानतळ आहे आणि साधारण पन्नास माणसं राहतात, पूल बांधायला २००५ च्या कायद्यात २२.३ कोटी डॉलर नोंदले गेले. देशभर छीथू झाली, नाव काढून टाकावं लागलं, पैसे मात्र राज्याकडेच गेले, आणि २००७ मध्ये पूल रद्द झाला. तरी बेटावरचा तीन मैलांचा रस्ता २००८ पर्यंत बांधून झाला, कारण त्यासाठीचे पैसे न वापरते तर परत करावे लागले असते. त्या रस्त्याने गेलात तर तुम्ही थेट त्या जागी पोहोचता जिथे पूल असायला हवा होता.

तेव्हा तुमचं काम असं: आधी पुलाकडे जाणारा रस्ता मागा. पूल नंतर बघू.